चप्पर कुणी उघडायचं

म्हैसूर, २८ एप्रिल

अम्मा,

पत्राच्या सुरुवातीला शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे, पण माझं डोकं अजून तापलेलं आहे. तेव्हा नमस्कार उभ्याउभ्याच घ्या. पत्रही उभ्यानेच लिहितेय, ओट्यावर कागद ठेवून. बसलं की माझा पाय हलत राहतो आणि प्रणेश, तुमचा मुलगा, म्हणतो, टेबल हलतंय, सुम्ने बस. मला नाही बसता येत असं सुम्ने, गप्प.

तुम्ही फोन बंद करून ठेवलाय. विशालाक्षी मावशींच्या फोनवर केला तर त्या म्हणतात, "अक्का देवापाशी आहे." सकाळी देवापाशी, दुपारी देवापाशी, संध्याकाळी देवापाशी. देवालाही आता जरा सुट्टी हवी असेल. म्हणून हा कागद.

तुम्ही बहिणीला सगळं तुमच्या बाजूने सांगितलं असणार, म्हणून मी माझ्या बाजूने एकदा लिहून ठेवते. मावशींनाही वाचायला द्या.

आपली यात्रेकरूंची कॅरव्हॅन टी. नरसीपूरला संगमावर उभी होती. एकादशी करून आलेली म्हातारी मंडळी, म्हणजे संकर्षणराव आणि त्यांचा गोतावळा, सकाळी नदीवरून येऊन द्वादशीचं पारणं सोडणार होती. स्वयंपाक तुम्ही करणार होता, मडीने. (आमच्या जळगावात सोवळं म्हणतात, एवढाच फरक.) गाडीच्या दारावरचं गुंडाळलं जाणारं कापडी छत, ते इलेक्ट्रिक ऑनिंग, तुमच्या भाषेत चप्पर, रात्रभर उघडंच होतं, कारण दोघे आजोबा त्याखाली खाटा टाकून झोपले होते. तुम्ही आदल्या संध्याकाळी मडीची नऊवारी धुतलीत आणि त्या चपराच्या पुढच्या दांड्यावर वाळत घातलीत. पहाटे वारा आला. साडी फडफडली, दांडा हलला, आणि दांड्यात बसवलेल्या सेन्सरला वाटलं वादळ आलं. वादळ आलं की चप्पर मिटून घ्यायचं, हेच त्याचं काम. त्याने ते केलं. साडीसकट केलं. तुम्ही नदीवरून ओलेत्याने आलात तेव्हा निम्मी साडी आत, निम्मी बाहेर, आणि मोटर गुरगुरत होती. मला रिमोट सापडेपर्यंत चपराच्या घडीच्या हाताचं एक कोपर वाकलं होतं.

आता सांगा, यात माझं काय चुकलं? दोरी बांधलेली होती. तुमच्याच सांगण्यावरून बांधली होती, दोन झाडांना, उंच, कुणाचा हात लागू नये अशी. तिथे का नाही घातलीत साडी?

आणि मग तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. प्रणेशला म्हणालात, "या गाडीत आता माझं काम नाही." साधं लुगडं नेसलात, पिशवी आणि कपडे वाळत घालायची काठी उचललीत आणि बन्नूरच्या बसमध्ये जाऊन बसलात. उपाशी म्हातारी माणसं बघत राहिली. हॉटेलचं ती खात नाहीत, माझ्या हातचं खावं की नाही हे त्यांचं ठरेना. तुळशीचं पाणी आणि केळी यांवर पारणं सोडलं त्यांनी. संकर्षणराव म्हैसूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मला तेव्हा गाडी कुठेतरी थांबवून पळून जावंसं वाटत होतं.

साडी चप्पर बसवणाऱ्या गगनच्या शेडमध्ये चप्पर पूर्ण उघडून काढली. तुकड्यांत निघाली. ते धुऊन ठेवलेत. टाकायचे की ठेवायचे ते कळवा.

आभा


म्हैसूर, ५ मे

अम्मा,

मावशींनी प्रणेशला सांगितलं की तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत आणि उशीखाली ठेवलंत. उत्तर मात्र नाही. बरं. मी लिहीत राहते. मला कुणाशी तरी भांडल्याशिवाय चैन पडत नाही आणि प्रणेश भांडत नाही. तो "अस्तु" म्हणतो आणि कॉलेजचे पेपर तपासायला बसतो.

चपराचा विषय एकदा संपवून टाकू. जुनं हाताचं चप्पर तुम्हाला आवडायचं, मान्य. पण आठवा जरा. ते लांब हँडल कडीत अडकवायचं आणि फिरवत बसायचं. एका बाजूने कापड पुढे, दुसऱ्या बाजूने मागे. श्रीरंगपट्टणला पाऊस आला तेव्हा मी ते फिरवतेय फिरवतेय, आणि चप्पर आत जाईपर्यंत सगळ्यांच्या गाद्या भिजून गेल्या होत्या. त्या दिवसापासून माझा खांदा दुखतो. म्हणून शिवरात्रीच्या सुमाराला इलेक्ट्रिक बसवलं. बोट लावलं की बाहेर, बोट लावलं की आत. खाली दिवे लागतात, म्हाताऱ्या माणसांना पायरी दिसते. तुम्हीच म्हणाला होतात, दिवे बरे आहेत.

गगन ते बसवताना म्हणाला होता, "मॅडम, हाताच्या चपरात बिघडायला काही नसतं." मी म्हटलं, पाट्या-वरवंट्यातही बिघडायला काही नसतं, म्हणून मिक्सर नको का? तो हसला आणि स्क्रू पिळायला लागला. आता परवा कोपर सरळ करून देताना म्हणाला, हाताने फिरवत असता तर साडी अडकल्याबरोबर हाताला कळलं असतं, मोटरला काय, कापड ते कापड. त्याच्या तोंडावर मी हे कबूल केलं नाही. तुम्हाला सांगतेय.

पण म्हणून मी ते काढणार नाही. मी आणलंय, मला ते आवडतं, आणि त्याच्यापायी कुणी घर सोडून जावं एवढं त्याने काही केलेलं नाही.

घरी बाकी ठीक. मी फडताळातले सगळे डबे काढून पुन्हा लावले, आता सारपुडी, तुमचा साराचा मसाला, सापडत नाही. सारपुडीशिवाय सार केलं, प्रणेश म्हणाला, "चांगलं आहे." तुमचा मुलगा खोटं बोलला की उजवा कान खाजवतो हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी मी बन्नीमंटपला, गाडी लावतो त्या प्लॉटवर जाते. तसं तिथे काही काम नसतं. चप्पर उघडते, बंद करते, परत येते.

बुकिंग चांगली आहेत. गाडीची काळजी करू नका.

आभा


म्हैसूर, १२ मे

अम्मा,

बुकिंग चांगली आहेत हे खोटं लिहिलं होतं. एकही नाही. फोन येतो, सगळे पहिलं एकच विचारतात, "गोदाबाई आहेत ना?" मी म्हणते, त्या बन्नूरला आहेत, बहिणीकडे. मग समोरून "अरे वा, किती दिवसांसाठी?" आणि मग "बरं, आम्ही कळवतो." लोकांना कॅरव्हॅन नको आहे, अम्मा. त्यांना वाटेत, नदीकाठी, तुमच्या हातचा मडीचा भात हवा आहे. गाडी फक्त त्याला चाकं लावायला.

पण मी हे त्यासाठी लिहीत नाहीये. गाडी विकता येते. नोकरी पुन्हा मिळते, माझ्या जुन्या ऑफिसातला मिलिंद अजून विचारतो, येतेस का परत म्हणून.

काल संकर्षणराव भेटले, मठाबाहेर. मी नजर चुकवून निघाले होते, त्यांनीच थांबवलं. म्हणाले, "एक विचारू? गोदाबाईंनी ओलेत्यानेच स्वयंपाक का नाही केला त्या दिवशी? ओलेतं म्हणजे तर पक्की मडी. त्यांना सांगायला हवं होतं का कुणी?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. तुम्हाला कोण शिकवणार मडी? तुम्ही ओल्या लुगड्याने चूल पेटवली असती तर कुणी चकार शब्द काढला नसता, उलट पाया पडले असते. तांदूळ धुतलेले होते, डाळ भिजलेली होती. तुम्ही ठरवलं असतं तर तासाभरात पानं मांडली असती. तुम्ही ठरवलं नाहीत. म्हणजे साडी गेली म्हणून तुम्ही गेला नाहीत, बरोबर? तुम्हाला जायचंच होतं.

मग मला वाटतं, माझ्यामुळे. मी फार बोलते, घाई करते, तुमच्या देवघरातून जाताना पदर सांभाळत नाही, हे सगळं मला माहीत आहे. पण नोकरी सोडून कॅरव्हॅन घेते म्हटलं तेव्हा माझी आई जळगावहून फोनवर रडली, प्रणेश पेपर तपासायला बसला, आणि तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणालात, "घे. स्वयंपाक मी करते." एवढंच. त्या एका वाक्यावर मी राजीनामा दिला. आता तुम्हीच म्हणता, या गाडीत माझं काम नाही. मग माझं तरी काय आहे?

मला तुम्ही परत यायला हव्या आहात. गाडीत नाही आलात तरी चालेल. घरी या. घर भरलेलं वाटत नाही. मी ह्या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कशाला आले होते ते विसरते.

बाकी एक ठरवलंय. पुढच्या द्वादशीला संकर्षणरावांना मी नंजनगूडला नेतेय. स्वयंपाक मी करणार, मडीने. त्यांना विचारलं, चालेल का? ते छत्रीच्या मुठीशी खेळत म्हणाले, "प्रयत्न करा." तर मला सांगा, काय काय सांभाळायचं. कशाला हात लावायचा, कशाला नाही. यात तरी उत्तर द्या.

आभा


(पोस्टकार्ड)

बन्नूर, १६ मे

चि. सौ. आभास आशीर्वाद. सुती नेसू नकोस, वाळवण्याची कटकट तुला जमणार नाही. माझं रेशमी आहे ते ने. केसांची गाठ मार. पाणी तूच काढ. तांबं, पितळ, स्टील, पाणी ओतलं की आयितु, मडी झालं. प्लास्टिकला हात लावू नकोस, फोनला तर बेड, मुळीच नको. डाळ घोटून घे. सारपुडी वरच्या फळीवर हिंगाच्या मागे आहे. घाई करू नकोस. साडीचे तुकडे टाकू नकोस, देव पुसायला होतील.

गोदा


म्हैसूर, २६ मे

अम्मा,

आज बसून लिहितेय. पाय भेंडाळलेत, म्हणून. मन अजून उभंच आहे.

आधी कार्डाबद्दल. एवढं लिहिलंत, पण मी जे विचारलं त्याचं उत्तर नाहीच. आणि अक्षर असं की बसमध्ये बसून लिहिलंय असं वाटावं. असो. सारपुडी सापडली.

आता नंजनगूड. कपिलेच्या काठी गाडी लावली. भल्या सकाळी आंघोळ, तुमचं रेशमी, केसांची गाठ. पाणी मी काढलं, कंबर मोडली. गॅसची शेगडी चपराखालच्या जागेवर मांडली, चप्पर मात्र मिटलेलं, रात्री वारा होता म्हणून. मंडळी नदीवर गेली, त्यांना हात धरून उतरवायला प्रणेश गेला. मी डाळ चढवली आणि मला वाटलं, अरे, जमतंय की.

मग ऊन आलं. नदीकडून आलं ते सरळ शेगडीवर आणि माझ्या डोक्यावर. रेशीम अंगाला चिकटलं. म्हटलं चप्पर उघडू, आणि हात पुढे केला आणि तसाच थांबवला. रिमोट ड्रायव्हरच्या सीटवर. प्लास्टिकचा. हात लावला की मडी गेली, मडी गेली की स्वयंपाक गेला, स्वयंपाक गेला की पुन्हा तीच केळी.

प्रणेशला हाक मारली. तो पायऱ्यांच्या तळाशी. जवळ फक्त संकर्षणराव, सगळ्यांआधी न्हाऊन आलेले, खुर्चीवर जप करत. त्यांना खुणेने सांगितलं तर त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, मी? आणि स्वतःच्या ओल्या पंच्याकडे बोट दाखवलं. तेही मडीत. आम्ही दोघं सोवळी माणसं, दोन पावलांवर रिमोट, आणि दोघांनाही हात लावता येत नाही. शेवटी नारळ विकणाऱ्या बाईला हाक मारली. तिने रिमोट उलटा धरला. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. मी म्हणतेय, वरचं, वरचं, ती म्हणतेय, याला वर कुठे आहे. एकदाचं चप्पर आलं बाहेर. ती गेली. अर्ध्या तासात ऊन सरकलं आणि शेगडीच्या पलीकडून आत आलं. चप्पर आणखी थोडं पुढे हवं होतं. आता त्या बाईला पुन्हा हाक मारायची. तिच्यापाशी गिऱ्हाईक होतं. माझी जीभच रेटेना, अम्मा. मी तशीच उन्हात उभी राहिले, डाळ ढवळत, आणि मला रडू आलं. डोळे पुसायला पदर लागतो, पदर कमरेला खोचलेला, हात डाळीने माखलेले. तशीच रडले.

आणि तेव्हा मला तुम्ही दिसलात. जुन्या चपराच्या वेळी तुम्ही हँडलवर तांब्याभर पाणी ओतायचात आणि स्वतः फिरवायचात. ऊन इकडे आलं की इतकंसं, तिकडे गेलं की तितकंसं. कुणाला विचारावं लागत नव्हतं. मी तुम्हाला कधी थकलेलं बघितलं नाही तेव्हा. मग मी बटण आणलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही हाका मारायला लागलात. "आभा, स्वल्प ते दाब गं." मी कानात वायर घालून बुकिंगच्या फोनवर. तुम्ही पुन्हा हाक मारायचात, मग एकदम गप्प व्हायचात, आणि मी वळून बघायचे तेव्हा तुम्ही उन्हात उभ्या असायचात. मी म्हणायचे, अहो, सांगायचं ना.

तुम्ही साडीसाठी गेला नाहीत. जे तुम्ही तुमच्या हाताने करत होता ते मी काढून घेतलं आणि माझ्या खिशात ठेवलं, म्हणून गेलात. मला बिनडोकीला हे कळायला शेगडीपुढे उभं राहावं लागलं.

सार झालं. भात खाली थोडा लागला. संकर्षणराव जेवले, म्हणाले, "सारात मीठ कमी." आणि पुन्हा वाढून घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं. म्हणजे पास झाले बहुतेक, पण काठावर.

परत आल्याआल्या मी गगनकडे गेले. म्हटलं, मोटर काढ आणि हँडलवालं बसव. तो म्हणाला, काढायचं कशाला, याला हाताने फिरवायची सोय आहेच, वीज गेली तर म्हणून. त्याने बाजूची एक टोपी काढून दाखवली, आत कडी. म्हणाला, हँडल खोक्यातच आलं होतं, तुमच्याकडेच असेल. मी घर उलटंपालटं केलं. माळा, गाडीची डिकी, पलंगाखाली. प्रणेश बघत होता. शेवटी म्हणाला, "लांब होतं का? स्टीलचं? टोकाला आकडा?" मी म्हटलं हो. तो खुर्चीतून पडायच्या बेतात हसला. म्हणाला, "ते अम्माचं मडीकोलू आहे."

मडीचे कपडे हात न लावता दोरीवर चढवायची तुमची काठी. तुम्ही ती जुनी बांबूची टाकून ही नवी चकचकीत कुठून काढलीत ते मी विचारलंच नव्हतं. तुम्हाला तरी काय माहीत ते चपराचं हँडल आहे म्हणून. आणि आता ते बन्नूरला, मावशींच्या अंगणात, लुगडी वाळत घालतंय.

ते घेऊन या, अम्मा. तांब्याभर पाणी ओता आणि तुमचं चप्पर तुम्ही उघडा. मी बटणाला हात लावणार नाही.

तुमची आभा


बन्नूर, २ जून

चि. सौ. आभास गोदाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. विशालाक्षीला वाचून दाखवलं, नारळवालीपाशी ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी नाही हसले. मी उन्हात उभी राहिलेली आहे.

तुझं अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही. तू हुशार आहेस गं, त्याचाच त्रास. अर्धं कळलं की तुला सगळं कळल्यासारखं वाटतं आणि तू धावत सुटतेस.

ते हँडल आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, चित्र तर दिसतं. खोक्याच्या कागदावर एक माणूस ते फिरवताना काढला होता. तुम्ही दोघं त्या गगनला कॉफी पाजायला आत गेलात तेव्हा मी टोपी काढली, हँडलवर पाणी ओतलं, कडीत घातलं आणि फिरवलं. एक वेढा फिरला. दुसऱ्याला माझी बोटं उघडली. मी उघडली नाहीत, ती उघडली. हँडल पायावर पडलं. तू आतून विचारलंस, काय झालं अम्मा, मी म्हटलं, मांजर.

संक्रांतीपासून हा उजवा हात माझं ऐकत नाही. सकाळी तर मुळीच नाही. दुपारी बरा असतो, म्हणून हे दुपारी लिहिते, आणि अक्षर तू बघतेच आहेस. जुनं चप्परही मला शेवटी शेवटी फिरत नव्हतं. तू इलेक्ट्रिक आणलंस तेव्हा तुझ्या खांद्याचं नाव झालं, मी मनात देवाला नमस्कार केला. मग ती काठी घरात दिसली की कुणीतरी म्हणणार, अम्मा, हाताने फिरवून बघा. म्हणून मी तिचं मडीकोलू केलं. म्हातारीने नवी काठी काढली तर कोण विचारतं.

नरसीपूरला साडी दोरीवर का घातली नाही, हे तू पहिल्याच पत्रात विचारलंस. काठी धरूनही दोरीपर्यंत हात गेला नाही. चपराचा दांडा खाली होता. ओलेत्याने का केलं नाही, हे त्या संकर्षणाने बरोबर विचारलं, तो लहानपणापासून चोंबडा आहे. ओलेत्याने चूल पेटवली असती, पण भाताचं पातेलं उतरवायचं कुणी? आदल्या वेळी माझ्या हातून सार सांडलं होतं. तू बाजारात होतीस, मी माती सारवली आणि दुसरं केलं. त्या सकाळी एवढी उपाशी माणसं भोवती बसणार, आणि त्यांच्यात पातेलं सुटलं असतं तर? मी रात्रभर तेच बघत होते. सकाळी नदीवरून आले तर चपराने साडी गिळलेली. अय्यो, मला सुटल्यासारखं झालं. चपरावर रागावून निघून गेले की हाताचं कुणी विचारणार नाही. तुझ्यावर आळ येईल हे मला बसमध्ये बसल्यावर सुचलं. तरी मी उतरले नाही.

आणि तू लिहितेस, तुम्ही माझ्यामुळे गेलात. पेद्दी, वेडी कुठली. तीन वेळा वाचलं ते आणि तिन्ही वेळा मला जेवण गेलं नाही. विशालाक्षी म्हणाली, आता डॉक्टरला हात दाखवला नाहीस तर मीच फोन करून सांगते. तिच्या आधी मी सांगते आहे.

गुरुवारी न्यायला ये. गाडी आण, बसमध्ये दांडा धरवत नाही. म्हैसूरला डॉक्टरला दाखवू, तू बरोबर ये, प्रणेश नको, तो डॉक्टरसमोर नुसता मान हलवतो.

मोटर काढू नकोस. सेन्सर तेवढा बंद करून टाक. मडीने स्वयंपाक आता तू करायचास. मी बाजूला खुर्ची टाकून बसेन आणि मीठ सांगेन. मी मडीत नसेन, त्यामुळे ते बटण माझ्या हातात दे. डाव्या हाताचा अंगठा चांगला आहे. आत कुठलं, बाहेर कुठलं, ते आधी मला नीट शिकव.

तुझ्यावर ऊन आलं की मला हाक मार. सरकलं की पुन्हा मार. कितीदाही मार. लाजू नकोस. मला फार लाज वाटायची.

अम्मा